लाकडी माळेवरचं विरजण

गावाच्या वर्षपुस्तिकेत दर वर्षी कुणीतरी कुणावर तरी लिहितं. बहुतेक वेळा तो पहिला शिक्षक असतो, पहिली मोटरबोट आणणारा असतो, नाहीतर शंभरी गाठलेली एखादी म्हातारी. यंदा मला विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मला लिहिता येत नाही, आणि जे माहीत आहे ते नीट माहीत आहे का, याचीही खात्री नसते. पण सिन्नेवा डोक्यात आली ती जाईना. तिला विचारायला गेलो, तर म्हणाली, "लिही की तोर्लाइव. फक्त माझं वय घालू नकोस." तिच्या भावाला, हाल्दोरला, विचारायचा प्रश्न आता उरलेला नाही.

सिन्नेवा वरच्या शेतावरची. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे कड्यांमधल्या खाडीच्या, काठाला सात शेतं आहेत, त्यांतलं सगळ्यात उंचावरचं आणि सगळ्यात दगडाळ ते यांचं. शाळा संपली तशी ती शहरात गेली आणि अडतीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात राबली. (वाचणाऱ्यानं बेरीज करू नये.) मधे एक लग्न झालं आणि मोडलं. इकडे शेत हाल्दोर एकट्यानं सांभाळत होता. त्यानं लग्नच केलं नाही. मेंढ्या, गवत आणि बिअर, एवढ्यात त्याचं आयुष्य मजेत चाललं होतं. मग एके दिवशी गोठ्यात पडला. अर्धांगवायू. उजवा हात गेला, काठीशिवाय चालणं गेलं, आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं नाही. "बरं तर" हे दोन शब्द राहिले. भूक लागली तरी "बरं तर", राग आला तरी "बरं तर". सिन्नेवा शहरातली नोकरी सोडून आली ती त्याच्यासाठी.

हाल्दोरची बिअर सगळ्या काठाला माहीत होती. नाताळची वेगळी, ती दाट आणि डोक्यात चढणारी. पण लोक वाट बघायचे ती जुलैतल्या बिअरची. गवत कापायच्या दिवसांत तो हलकी करायचा, दोन वाडगे पोटात गेले तरी विळा सरळ चालेल अशी. फिकट रंगाची, जुनिपरच्या काटेरी झुडपाचा जरासा कडवटपणा, आणि त्यावर संत्र्याची साल नुकती सोलावी तसा वास. संत्रं त्यात कधीच पडलं नाही. तो वास बिअर आंबवणाऱ्या विरजणाचा. आजोबांच्या आधीपासून या घरात तेच विरजण होतं. लाकडाच्या बोटभर तुकड्यांची एकात एक अडकवलेली माळ असते, ती बिअरच्या फेसात बुडवायची, खाचांमध्ये विरजण बसलं की काढून चुलीच्या खोपटात खुंटीला वाळत टाकायची. पुढच्या वेळी तीच माळ माल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, गोड पाण्यात सोडायची. कुणाचं विरजण बिघडलं तर शेजारच्याकडून न्यायचं, आपलं निघालं की परत द्यायचं. अशी ती चाल. पण तरुण माणसं गेली, बिअर दुकानात मिळायला लागली, आणि एकेक खुंटी रिकामी झाली. शेवटी या काठावर हाल्दोरचीच माळ राहिली.

आणि ती दोन उन्हाळे तशीच कोरडी लटकत होती. वाळलेलं विरजणही म्हातारं होतं. किती दिवस जगेल हे कुणालाच सांगता येत नाही. हाल्दोर रोज सकाळी काठी टेकत खोपटापर्यंत जायचा, माळेकडे बघायचा आणि परत यायचा. बोलता येत नसल्यामुळे त्याला काय वाटतं ते विचारायची सोय नव्हती, पण ते न कळण्याइतकं कुणी बावळट नव्हतं.

त्यात गवताची लाज. ते दोन्ही उन्हाळे आम्ही शेजाऱ्यांनीच वरच्या शेताचं गवत कापलं, वाळायला तारांवर घातलं. सिन्नेवानं कॉफी दिली, वॅफल दिले. कुणी काही बोललं नाही. खालच्या शेतावरची आस्लाउग तेवढी म्हणाली, "कॉफी झक्क झालीय हं सिन्नेवा. पण कॉफीनं विळा पुढे जात नाही गं बाई." सगळे हसले. सिन्नेवाही हसली, पण मी समोर होतो, तिचा चेहरा मी बघितला.

तिसऱ्या उन्हाळ्यात, जुलैत, ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. हातात वही.

"तोर्लाइव, बिअर कशी करतात?"

"मला काय माहीत?"

"पन्नास वर्षं तू त्याच्या खोपटात बसतोयस!"

"पीत बसतोय. बघत नाही."

"कमाल आहे तुम्हा पुरुषांची," ती म्हणाली. "निदान जुनिपर तरी तोडून देशील?"

ते मी देणार होतोच. जुनिपर तोडणं, लाकडं फोडणं, पाणी उचलणं, एवढंच मी आजवर केलेलं. तिनं हाल्दोरला विचारून विचारून वही भरली. विचारणं म्हणजे काय, ती म्हणायची "माल्ट किती, एवढं?" आणि हातानं दाखवायची. तो "बरं तर" म्हणायचा. ती जास्त दाखवायची, तरी "बरं तर". मग त्याच्या आवाजावरून, भुवईवरून ती अंदाज बांधायची आणि लिहून ठेवायची. एक गोष्ट मात्र त्यानं पक्की समजावली. विरजण घालताना पाणी किती गरम हवं, असं तिनं विचारलं, तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिचा पंजा धरला आणि स्वतःच्या काखेत घातला. तिनं मागाहून वहीत लिहिलं: सदतीस अंश. दुकानातल्या पुस्तकात वीस लिहिलेलं होतं. तिनं पुस्तक मिटून ठेवलं. आयुष्यात तिनं पहिल्यांदाच कागदापेक्षा काखेवर विश्वास ठेवला असेल.

गुरुवारी पहाटेच मी वर गेलो. हंड्याखाली जाळ पेटला होता, जुनिपरच्या फांद्या उकळत होत्या, खोपटात तो हिरवा वास कोंडला होता. हाल्दोर घरात अजून कपडे चढवत होता, डाव्या हातानं बटणं लावायला त्याला अर्धा तास लागायचा. सिन्नेवानं डोक्याला पांढरं फडकं बांधलं होतं, बाह्या कोपरापर्यंत वर. पिंप, बादल्या, वाडगे, ढवळायचं दांडकं, सगळं तिनं उकळत्या जुनिपरच्या पाण्यानं धुऊन काढलं. तशीच रीत आहे. हाल्दोरही तसंच करायचा, काहीच सोडायचा नाही. मग तिनं खुंटीवरची माळ काढली. दोन वर्षांची धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं, एक मेलेली माशी होती. तिनं तोंड वाकडं केलं आणि माळ त्याच उकळत्या पाण्यात बुडवली. दोनदा. झटकली आणि स्वच्छ टॉवेलवर ठेवली.

मी बघितलं. मला वाटलं, असंच असेल. तिनं वहीत लिहून घेतलंय, आपण कोण सांगणारे? मी फांद्या मोडत राहिलो.

काम छान झालं, हे म्हणायलाच हवं. माल्ट भिजलं, गोड पाणी फांद्यांमधून गाळून उतरलं, तिनं तासभर उकळलं, ओढ्याच्या पाण्यात बादल्या ठेवून निववलं. हाल्दोर तोवर येऊन बाकावर बसला होता आणि मान डोलावत होता. एकदा तिनं दांडकं चुकीचं धरलं तर त्यानं काठीनं तिच्या घोट्यावर हलका टोला दिला. ती खूश झाली. "बघ, मास्तर रागावले," मला म्हणाली.

दुपारी एकच्या सुमाराला सदतीस झालं. तिनं माळ पिंपात सोडली.

आता आरोळी. विरजण घालताना ओरडायचं असतं, जितकं मोठ्यानं तितकी बिअर जोरदार. सिन्नेवानं माझ्याकडे बघितलं, मी बुटांकडे. आमच्या दोघांच्या गळ्यातून तशी आरोळी निघणं कठीण. तेवढ्यात हाल्दोर उठला. डाव्या हातानं दाराची चौकट धरली, आणि ओरडला.

तसा आवाज मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. तो आवाज पडलेल्या माणसाचा नव्हताच. समोरच्या कड्यावर आपटून परत आला. मेंढ्या पळाल्या, खालच्या शेतावरची कुत्री भुंकायला लागली. आरोळीला शब्द लागत नाहीत, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सिन्नेवा तोंडावर हात ठेवून उभी होती.

पाच मिनिटांत फोन वाजला. आस्लाउग.

"काय गं, कोण मेलं?"

"कुणी मेलं नाही. विरजण घातलं."

"तो होता? खरंच तो?" आणि लगेच, "मग शनिवारी संध्याकाळी येतो सगळे. वाडगे धुऊन ठेव."

आरोळी ऐकली की तिसऱ्या दिवशी जायचं, बोलावणं लागत नाही. म्हणजे आता सगळा काठ येणार होता.

हाल्दोरचं विरजण चार तासांत फेस चढवायचं. पाच वाजले, सहा वाजले. पिंपातलं पाणी भांडी विसळलेल्या पाण्यासारखं निपचित. हाल्दोर पिंपाला कान लावून बसला होता. मग त्यानं डोकं उचललं आणि सिन्नेवाकडे बघितलं.

"उशीर लागतोय यंदा," ती घाईनं म्हणाली. "दोन वर्षं झोपलेलं, जागं व्हायला वेळ लागणारच. तू जेवून घे जा."

"बरं तर," तो म्हणाला आणि गेला नाही.

तिनं मला लाकडांच्या ढिगामागे बोलावलं.

"तोर्लाइव, खरं सांग. तो सगळं धुवायचा ना? जुनिपरच्या उकळत्या पाण्यानं? सगळं?"

"सगळं."

"माळपण?"

मी ओंडक्याची साल सोलायला लागलो.

"माळपण धुवायचा का, विचारतेय मी."

"माळ नाही धुवायचा, बहुतेक. मी कधी पाहिलं नाही."

ती ओंडक्यावर बसली. "अडतीस वर्षं," ती म्हणाली, "अडतीस वर्षं मी जंतू मारत आले. नोकरीच ती. आणि त्याच्याकडे एकच जिवंत वस्तू होती." मग माझ्याकडे बघून, "तू तिथंच होतास."

"होतो."

"बोलला नाहीस."

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आपण दोघंही असलेच."

मी म्हणालो, दुकानातलं पाकीट आणू, शनिवारपर्यंत काहीतरी होईल, लोकांना काय कळतंय. ती म्हणाली, "लोकांना नाही कळणार. त्याला कळेल." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "ओद्मुन्दकडे असेल का अजून?"

ओद्मुन्द खाडीच्या पलीकडे राहतो. त्याचं विरजण चाळीस वर्षांपूर्वी बिघडलं, तेव्हा हाल्दोरच्या बापानं त्याला या माळेवरचं दिलं होतं. म्हणजे मूळ एकच. पण अकरा वर्षांपूर्वी शहरातून दोन दाढीवाली पोरं विरजण मागत आली. हाल्दोरनं त्यांना कॉफी पाजून वाटेला लावलं. ओद्मुन्दनं बरणी भरून दिली. आता ते पाकिटात भरून कुठं कुठं विकतात म्हणे, वर आमच्या खाडीचं चित्र. हाल्दोरनं त्या वर्षी ओद्मुन्दला दारातूनच परत पाठवलं. विरजण शेजाऱ्याला द्यायचं असतं, परक्याला नाही, असं तो म्हणाला होता. तेव्हा त्याला बोलता येत होतं, आणि तो आणखीही बरंच काही बोलला होता.

मी गाडी काढली. जुलैतली संध्याकाळ, भरपूर उजेड. ओद्मुन्द अंगणात जाळं दुरुस्त करत होता. त्यानं उठून वगैरे स्वागत केलं नाही.

"आरोळी ऐकली मी," तो म्हणाला. "अजून गळा आहे म्हाताऱ्याला."

सिन्नेवानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. ओद्मुन्द ऐकता ऐकता जाळ्यावरून हात काढून बसला.

"उकळलंस? माळ?"

"हो."

"तुमच्या इस्पितळात माणसं जिवंत बाहेर पडायची ना गं?"

"माझ्या स्वयंपाकघरातून कुणी आजारी पडलं नाही," ती म्हणाली. "आहे का तुझ्याकडे?"

"आहे. फ्रीजरमध्ये, माशांच्या खाली. बायको दर वर्षी टाकून दे म्हणते." तो उठला, आणि परत बसला. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"म्हणजे तू माझ्याकडून नेणार, गुपचूप पिंपात घालणार, आणि तो मिशीला फेस लावून म्हणणार, आमच्या घरचं. अकरा वर्षं मला चोर म्हणतोय तो. फुकट दिलं होतं मी त्या पोरांना, एक पैसा घेतला नाही. त्यांनी काय पाठवलं माहीत आहे? एक टोपी! ती पण लहान होते." त्यानं जाळं पुन्हा मांडीवर ओढलं. "आधी त्याला सांग. मग ये. चोराच्या घरून चोरून न्यायचं नसतं."

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

शुक्रवारी सकाळी सातला मी गेलो, तेव्हा हाल्दोर पिंपापाशीच होता. सिन्नेवा बादली पालथी घालून त्याच्यासमोर बसली होती. मी दारात थांबलो. आत जायचं धाडस झालं नाही आणि निघूनही जाववलं नाही.

"हाल्दोर, विरजण उशिरा उठणार नाहीये," ती म्हणाली. "ते मेलंय. मी मारलं. माळ उकळत्या पाण्यात बुडवली, दोनदा. मला वाटलं तूही तसंच करतोस. काल संध्याकाळीच मला शंका आली होती, आणि मी तुझ्याशी खोटं बोलले."

त्यानं दोरीला धरून माळ पिंपातून वर काढली. नाकाशी नेली. बराच वेळ. मग गुडघ्यावर ठेवली आणि अंगठ्यानं एकेका खाचेत चाचपत राहिला, जणू कुठं काही राहिलंय का बघतोय.

"ओद्मुन्दकडे आहे," ती म्हणाली. "बाबांनी दिलेलं. मी मागायला गेले होते. तो म्हणाला, तुला सांगितल्याशिवाय देणार नाही."

त्यानं मान वर केली. "बरं तर," म्हणाला. हळू. माळ बाकावर ठेवली, काठी घेतली, माझ्या बाजूनं निघाला, घरात गेला. त्याच्या खोलीचं दार लागलेलं आम्हाला ऐकू आलं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं. वेड्यासारखाच प्रश्न.

"बरं तर, म्हणाला."

"म्हणजे आणू की नको?"

"मला काय माहीत!" ती ओरडली. "दोन वर्षं मी त्याच दोन शब्दांचे अर्थ लावतेय! प्रत्येक वेळी मीच ठरवायचं आणि म्हणायचं, त्याला हेच हवंय!" मग तिनं डोक्याचं फडकं सोडलं, त्यानंच डोळे पुसले आणि परत बांधलं. "पाणी मी वाहिलं. माल्ट मी भिजवलं. बिअर माझी आहे. चल."

जाण्याआधी तिनं पिंपातलं सगळं परत हंड्यात ओतून उकळायला ठेवलं, रात्रभरात त्यात काही शिरलं असेल तर मरावं म्हणून. तेवढं तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

ओद्मुन्दनं एवढंच विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"दार लावून बसलाय."

त्यानं खाडीपलीकडे बघितलं. मला वाटलं नाही म्हणणार. पण आत गेला आणि कोपऱ्यातल्या फ्रीजरमधून मुरंब्याची एक जुनी बरणी घेऊन आला, बर्फानं पांढरी झालेली. "कोमट पाण्यात धर. कोमट! आणि बरणी भरून परत हवी, नव्या फेसाखालचं."

"शनिवारी तू पण ये."

"दार त्यानं लावलंय," ओद्मुन्द म्हणाला. "मी कसा येणार?"

अकरा वाजता, पाणी पुन्हा सदतीसवर निववल्यावर, विरजण पिंपात पडलं. सिन्नेवानं विचारलं, "आरोळी द्यायची का?" मी म्हणालो, एका बिअरला एकदाच. ते खरं आहे की मी तेव्हाच ठरवलं, ते मला सांगता येणार नाही. तीन वाजेपर्यंत पिंपावर तळहाताएवढा फेस आला होता. वास खोपटातून अंगणात, अंगणातून घरात जात होता. संत्र्याची साल. सिन्नेवा हाल्दोरच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिली आणि आतून खिडकी बंद होण्याचा आवाज आला.

शनिवारी गवत तारांवर गेलं आणि संध्याकाळी अकरा माणसं खोपटात जमली. आंबट सायीची लापशी, खारवलेल्या मटणाच्या चकत्या, आणि मधे लाकडी वाडगा, तोंडातोंडी फिरणारा. बिअर कोवळी होती, थोडी गोडसर, ढगाळ, पण हलकी, आणि घशात उतरताना फळासारखी. पहिला घोट आस्लाउगनं घेतला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"इस्पितळाचं पाणी बरं लागतंय हो," ती म्हणाली, आणि खोपटं हसलं. मग तिनं दुसरा घोट घेतला आणि हसली नाही. "हेच. हेच ते. कुठं गेलाय तो?"

"पडलाय जरा," सिन्नेवा म्हणाली.

"आरोळी देऊन दमला काय? ने की त्याला वाडगा!"

ती वाडगा काठोकाठ भरून घेऊन गेली. आम्ही गवताच्या गप्पा मारत राहिलो, पण सगळ्यांचे कान घराकडे होते. ती परत आली तेव्हा वाडगा तितकाच भरलेला होता. तिनं तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो वाडगा कुणी उचलला नाही. त्यानंतर माणसं भराभर उठली, मेंढ्या बघायच्यात, उद्या चर्च आहे, असं काहीबाही म्हणत. आस्लाउगनं जाताना सिन्नेवाचा दंड दाबला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

रविवारी दुपारी मी पिंप धुवायला मदत करायला गेलो. बिअर तिनं लहान पिपात भरून तळघरात ठेवली होती. पिंपाच्या तळाशी विरजणाचा गाळ, दाट, मलईसारखा. शेजारी ओद्मुन्दची रिकामी बरणी. ती पळी शोधत होती. काठीचा आवाज आला.

हाल्दोर दाढी करून आला होता. आमच्याकडे बघितलं नाही. बाकावर बसला, बरणी जवळ ओढली, मांड्यांत घट्ट धरली आणि पळीसाठी डावा हात पुढे केला. सिन्नेवानं पळी दिली. तो वाकून वाकून गाळ काढत राहिला, बरणी काठोकाठ भरली, झाकण दातात धरून फिरवून लावलं. मग बरणी माझ्यापुढे सरकवली. खाडीच्या दिशेनं हनुवटी केली.

"बरं तर," म्हणाला. याचा अर्थ मला कळला, हे त्याला देऊन टाक.

तळाशी आणखी तितकंच उरलं होतं. त्याकडे त्यानं काठीनं खूण केली, आणि मग दाराबाहेर, उकिरड्याकडे. फेकून द्या. देणं फिटलं, आता या घरात नको.

मी सिन्नेवाकडे बघितलं. ती आधी हललीच नाही. मग तिनं फळीवरून धुतलेलं एक तागाचं कापड काढलं आणि विरजण वाळवायला त्याच्यासमोर, बाकावरच, पसरलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझं मी मारलं, ते माझ्या माथ्यावर आहे, राहील. पण हे माझं. मी उठवलंय. तुला बघायचं नसेल तर बघू नकोस."

पळीनं तिनं गाळ कापडावर ओतला आणि पसरवायला लागली, लोणी फासावं तसा, जाड, एका बाजूला ढीग झालेला. तिनं हे कधी केलेलं नव्हतं, आणि वहीत याबद्दल काही नव्हतं. हाल्दोर भिंतीकडे तोंड करून बसला होता. पण नजर तिथं टिकेना. पळी फिरली की त्याची मान इकडे यायची, की परत भिंतीकडे. तिनं तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हे, दाताखाली खडा आल्यासारखा.

"काय?" ती म्हणाली.

त्यानं तिच्या हातातून पळी काढून घेतली. उलटी केली. पळीच्या पाठीनं, एका दमात, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थर ओढत नेला, इतका पातळ की खालचा धागान्‌धागा दिसला. जाड थर वाळत नाही, आत कुजतो. हे मला आता माहीत आहे. मग त्यानं पळी तिच्या हातात परत दिली आणि उरलेल्या अर्ध्या कापडाकडे बोट केलं.

तिनं ओढला. जाड झाला. त्यानं मनगटावर टिचकी मारली. तिनं पुन्हा ओढला.

त्यानं बिअर चाखली नाही, त्या दिवशीही नाही. मी बरणी घेऊन निघालो तेव्हा दोघं त्या कापडावर वाकलेली होती.